परसबागेचे पाणी: आधी मोजावे, मग घालावे

सांगली जिल्ह्यातील विट्यात आमच्या घरामागे सुमारे ६०० चौरस फुटांची परसबाग आहे. त्यात एक लहान लिंबू, एक शेवगा, कढीपत्ता, दोन जास्वंदी, मोरीच्या तोंडाशी केळीचे बेट आणि अळू, भाजीचा एक वाफा, मांडवावर दोडका-कारल्याचे वेल आणि पंचवीसेक कुंड्या आहेत. या सगळ्याला अनेक वर्षे सकाळी नळीने पाणी घातले जात असे आणि ते किती जाते, हा प्रश्न घरात कोणालाच पडला नव्हता. एका एप्रिलमध्ये नळाचे पाणी दिवसाआड येऊ लागले, तेव्हा १५ लिटरची बादली नळीखाली धरून घड्याळ लावले. बादली ७५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. बाग भिजवायला रोज २० मिनिटे लागत होती, म्हणजे २४० लिटर. ग्रामीण घरांसाठी जलजीवन मिशनने धरलेले प्रमाण माणशी, दररोज ५५ लिटर आहे. त्या हिशेबाने चार माणसांच्या घराला पिण्यापासून धुण्याभांड्यांपर्यंत दिवसभर पुरावे, त्याहून अधिक पाणी आमची बाग २० मिनिटांत पीत होती.

खरे तर पीत होती, असे म्हणणेही बरोबर नाही. त्याच दिवशी पाणी घालून तासाभराने लिंबाच्या आळ्यात खुरप्याने वीतभर खणून पाहिले, तर वरची दोन बोटे चिखल आणि खाली कोरडी ढेकळे निघाली. मुळे खाली तहानलेली राहिली होती आणि वरचा चिखल दुपारपर्यंत उन्हाने वाळून त्यावर पापुद्रा धरणार होता. बागेत पाणी वाचवायचे म्हणजे झाडांना उपाशी ठेवायचे, असा एक समज आहे, तो या खड्ड्याकडे पाहिले की टिकत नाही, कारण वाचवायचे असते ते झाडापर्यंत न पोहोचणारे पाणी.

आज त्याच बागेला उन्हाळ्यात नळाचे दिवसाला सुमारे ७० लिटर पाणी लागते. ते कसे जमले, हे पुढे सांगितले आहे. त्याआधी फरक किती पडतो, त्याचा हिशेब येथेच मांडतो. रोजचे १७० लिटर वाचले, तर उन्हाळ्याच्या १०० दिवसांत एका घराचे १७ हजार लिटर होतात आणि तीस घरांच्या एका गल्लीचे ५ लाख १० हजार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आपल्या भागात तर हे पाणी मुळातच महाग पडते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला म्हसवडच्या बाजूला जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत हे सारे तालुके पर्जन्यछायेतले. टेंभू योजनेचे पाणी कराड तालुक्यात कृष्णेतून उचलून पंपांनी एकेक टप्पा चढवत इकडे आणावे लागते. चढून आलेले पाणी फरशीवरून गटारात वाहून जाऊ देणे, हे निदान हिशेबी माणसाला तरी शोभत नाही.

मोजणी कशी करावी

कोणतेही साहित्य विकत घेण्यापूर्वी एक आठवडा फक्त मोजावे. बादली आणि घड्याळाने नळीचा वेग काढावा, रोज किती मिनिटे नळी चालू असते ते दारामागच्या कॅलेंडरवर लिहावे आणि वाफा, झाडे, कुंड्या यांना लागणारा वेळ वेगवेगळा टिपावा. आमच्याकडे २० मिनिटांपैकी सात मिनिटे एकट्या कुंड्यांवर जात होती आणि त्यांतील निम्मे पाणी कुंडीच्या बुडातून वाहून अंगणात पसरत होते, हे लिहिल्यावरच कळले.

दुसरी चाचणी परातीची. एका पसरट परातीत दोन बोटे पाणी घेऊन, आतून कडेला खूण करून ती वाफ्याशेजारी सकाळी उघड्यावर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावी. एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी एका दिवसात किती खाली जाते, ते डोळ्यांनी पाहिले म्हणजे माती उघडी ठेवण्याची किंमत समजते. परातीवर जाळी टाकावी, नाहीतर चिमण्या आणि साळुंक्या तुमचा प्रयोग पिऊन टाकतील. त्यांच्यासाठी वेगळे भांडे ठेवावे.

तिसरी चाचणी बोटाची. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोटाची दोन पेरे खुपसावीत. टोकाला ओल लागली, तर त्या दिवशी त्या झाडाला पाणी नको. ही सवय लागली, तर केवळ तिनेच बरेच पाणी वाचते, कारण आपण बहुधा झाडाची तहान पाहून पाणी घालत नाही, सकाळ झाली म्हणून घालतो.

माती, आळे आणि खुरपणी

काळी माती पाणी धरून ठेवते, पण ते खोल मुरायला वेळ घेते. मुरमाड किंवा तांबडी माती पाणी लगेच पिते आणि तितक्याच लवकर सोडते. म्हणून काळ्या मातीत पाणी सावकाश, भरपूर आणि तीन-चार दिवसांनी द्यावे, तर मुरमाड मातीत थोडे-थोडे पण वरचेवर द्यावे. दोन्ही मातींना कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट उपकारक असते. मुरमाड मातीत ते पाणी धरते आणि काळ्या मातीत पाण्याला वाट करून देते. वाफ्यात दर हंगामाला दोन-तीन घमेली खत मिसळणे, हा पाणी वाचवण्याचाच खर्च समजावा.

आळे खोडाला चिकटून करण्याची चूक बहुतेक घरांत दिसते. पाणी शोषणारी बारीक मुळे खोडापाशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली असतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते, त्या रेषेवर वर्तुळाकार चर काढून पाणी तिथे सोडावे आणि खोडाभोवती मातीची भर घालून ती जागा उंच, कोरडी ठेवावी. लिंबाच्या बाबतीत हे विशेष पाळावे. सतत ओल्या राहणाऱ्या बुंध्याला डिंक्या लागतो, खोडातून डिंक पाझरू लागतो आणि झाड खंगत जाते.

रब्बीच्या ज्वारीसाठी आपल्याकडे ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे म्हणतात, ते परसबागेलाही लागू आहे. पाणी दिल्यानंतर वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की खुरप्याने वरची बोटभर माती हलवून भुसभुशीत करावी. त्यामुळे पापुद्रा मोडतो, काळ्या मातीच्या भेगा बुजतात आणि खालची ओल वर चढून उडून जाण्याचा मार्ग तुटतो. पाच मिनिटांचे हे काम आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आच्छादन

परातीची चाचणी ज्यांनी केली, त्यांना उघडी माती झाकायला पटवावे लागत नाही. झाकण्याचे साहित्य सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मुबलक आहे. ऊसतोडीनंतरचे पाचट, हळद काढल्यावर राहिलेला पाला, भुईमुगाच्या शेंगांची टरफले, वाळलेले गवत, अंगणात झाडून गोळा केलेला पाला, यांतील काहीही चालते. पाचट विळ्याने वीतभर लांबीचे तुकडे करून अंथरावे, नाहीतर वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या दारात जाते. थर तीन-चार बोटे जाड असावा. त्याहून पातळ थरातून ऊन आणि तण दोन्ही शिरतात आणि त्याहून फार जाड थर केला, तर वरून घातलेले थोडे पाणी पाल्यातच जिरते. आधी माती भिजवावी, मग झाकावी. कोरड्या मातीवर आच्छादन घातले, तर आपण कोरडेपणच झाकून ठेवतो. खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी आणि घराच्या भिंतीला टेकून पाचट कधीही पसरू नये, कारण वाळवीला ते आयतेच निमंत्रण ठरते.

कुंड्यांनाही आच्छादन लागते, हे सहसा लक्षात येत नाही. कुंडीतील माती चारही बाजूंनी तापते. नारळाच्या शेंड्या किंवा टरफले वर घालावीत आणि कुंड्या सुट्या न ठेवता एकमेकींना खेटून, मोठ्या झाडांच्या सावलीत, शक्यतो स्लॅबवर थेट न टेकवता विटांवर ठेवाव्यात. प्रत्येक कुंडीखाली बशी ठेवली, म्हणजे निथळलेले पाणी तीच कुंडी पुन्हा शोषून घेते. मात्र बशीत पाणी चार दिवस साचून राहिले, तर डास होतात.

मडके

या सगळ्या उपायांत माझा सर्वांत आवडता उपाय मडक्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात पाणी भरले, की ते भिंतीतून पाझरत राहते. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते आणि ओली असेल तर पाझर आपोआप मंदावतो. म्हणजे किती पाणी द्यायचे, हे आपण ठरवत नाही, माती ठरवते. पाणी थेट मुळांपाशी जात असल्यामुळे वरची जमीन कोरडी राहते आणि तणही कमी होते.

दोडका, कारले, दुधी, काकडी या वेलांसाठी पाच लिटरचे मडके योग्य ठरते. ते घेताना रंग किंवा वार्निश लावलेले घेऊ नये. घरी आणल्यावर पाणी भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावे. चार-पाच तासांत बाहेरून सर्वत्र घाम फुटल्यासारखी ओल आली पाहिजे. एकाच ठिकाणी धार लागत असेल, तर तिथे तडा आहे. मडक्यापेक्षा वीतभर मोठा खड्डा घेऊन त्यात माती आणि शेणखत यांचे मिश्रण घालावे, मडके सरळ बसवावे, भोवतालची माती हाताने दाबून भिंतीला चिकटेल अशी भरावी आणि तोंड जमिनीपासून दोन बोटे वर ठेवावे. मातीत पोकळी राहिली, तर पाझर तिथेच अडतो. तोंडाच्या उघड्या भागाला चुना लावावा, म्हणजे तो तापत नाही, आणि वर झाकणी ठेवावी. वेलाच्या तीन-चार बिया मडक्याभोवती वीतभर अंतरावर टोकाव्यात. पहिले दोन-तीन आठवडे, मुळे मडक्यापर्यंत पोहोचेपर्यंत, वरूनही थोडे पाणी द्यावे लागते. त्यानंतर मडके दर तिसऱ्या दिवशी भरले, तरी पुरते.

येथे एका प्रचलित सल्ल्याशी माझा मतभेद आहे. पाणी गार करणे बंद झालेला जुना माठ बागेत पुरावा, असे अनेकजण सांगतात. पण माठ पाणी गार करीनासा होतो, तो त्याची छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजल्यामुळे. छिद्रे बुजलेला माठ बागेतही पाझरणार नाही. आम्ही असा एक माठ मोठ्या उत्साहाने पुरला होता आणि आठ दिवसांनी झाकणी काढली, तेव्हा पाणी जवळजवळ तसेच होते. शेजारचे कारले मात्र सुकून गेले होते. काथ्याने घासून पाहावे, पण त्याच्या भरवशावर वेल लावू नयेत. बोअरचे पाणी क्षारट असेल, तर नवे मडकेही दोन-तीन वर्षांत बदलावे लागते.

ठिबक

फळझाडांना आणि मोठ्या झुडपांना ठिबक सोयीचे आहे. द्राक्ष आणि डाळिंबाच्या या पट्ट्यात त्याचे साहित्य कोणत्याही तालुक्याच्या गावी सुटे मिळते. १६ मिलिमीटरची नळी, थेंब-थेंब पाणी सोडणारे ताशी चार लिटरचे ड्रिपर, एक जाळीचा फिल्टर, एक कॉक आणि नळीच्या शेवटी लावायची टोपी एवढे पुरते. मात्र ड्रिपरवर लिहिलेला आकडा सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबासाठी असतो. घराच्या गच्चीवरील टाकी बागेपासून चार मीटरच उंच असेल, तर चार लिटरचा ड्रिपर तासाला अडीच लिटरच्या आसपासच देतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘ठिबक लावले आणि झाड वाळले’ अशी तक्रार ऐकू येते. प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून दहा मिनिटांत साठलेले पाणी मोजावे, सहाने गुणावे आणि त्यावरून कॉक किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवावे. आमच्याकडे दहा ड्रिपर एक दिवसाआड दोन तास चालतात, म्हणजे एका वेळी सुमारे ५० लिटर. सहा मडक्यांना रोजच्या हिशेबाने १० लिटर, ठिबकला २५, कुंड्यांना १२ आणि उरलेले वाफ्याला, असे ते ७० लिटर होतात. वाफ्याला पाणी झारीने, पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच घालावे.

नळीला फिल्टर नसेल, तर ड्रिपर महिन्याभरात बुजतात. शेवटची टोपी दर पंधरवड्याला उघडून नळीतील गाळ वाहू द्यावा.

मोरीचे पाणी आणि त्यातील धोका

पूर्वी न्हाणीच्या मागे केळ, अळू आणि कर्दळ हटकून असत, ती काही शोभेसाठी नव्हती. भरपूर पाणी लागणारी झाडे सांडपाण्यावर वाढवण्याची ती व्यवस्था होती आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे. अंघोळीचे पाणी एका लहान, वाळू-खडीने भरलेल्या खड्ड्यातून केळीच्या बेटाकडे वळवावे. ते बादल्यांत साठवून ठेवू नये, कारण दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. केळीला चांगल्या पाण्याची गरज पडत नाही, हाही बचतीचा मोठा भाग आहे. तांदूळ-डाळ धुतलेले आणि भाजी धुतलेले पाणी तर निर्धास्तपणे कोणत्याही झाडाला घालावे. ओट्याखाली एक वेगळी बादली ठेवली, की ते गोळा होते. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाऊ शकणाऱ्या भाज्यांना मात्र मोरीचे पाणी कधीही देऊ नये.

कपडे धुतलेल्या पाण्याबाबत आम्ही स्वतः फसलो. एका उन्हाळ्यात वॉशिंग मशिनच्या पाण्याचा पाइप सरळ जास्वंदीच्या आळ्यात सोडला होता. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरट थर आला आणि काळी माती इतकी घट्ट झाली, की पाणी वरच तरंगू लागले. धुण्याच्या पावडरमध्ये सोडियमचे क्षार असतात. ते चिकण मातीचे कण सुटे करतात आणि मग मातीतील हवेची व पाण्याची वाट बंद होते. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज भागात अति पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावी ज्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यांचीच ही छोटी आवृत्ती आमच्या घरामागे तयार झाली होती. जिप्सम मिसळून आणि पावसाळ्यात चांगले पाणी मुरू देऊन ती जागा सुधारायला दीड वर्ष लागले. पावडरचे पहिले पाणी गटारातच जाऊ द्यावे. शेवटच्या खळखळण्याचे पाणी हवे तर अंगण धुवायला किंवा आलटून-पालटून मोठ्या झाडांना वापरावे.

आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी दिसायला स्वच्छ असते, पण मूळ पाण्यातील जवळपास सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. बोअरचे पाणी शुद्ध करणाऱ्या घरांनी ते फरशी पुसायला घ्यावे, कुंड्यांना घालू नये.

काय लावावे, काय लावू नये

येथे फार सांगण्यासारखे नाही. लॉन लावू नये. शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, गवती चहा, कोरफड, बोगनवेल, सदाफुली आणि अबोली एकदा रुजली, की थोड्या पाण्यावर टिकतात. उन्हाळ्यात गवार, चवळी आणि भेंडी घ्यावी, तर पालेभाज्यांचा हट्ट हिवाळ्यासाठी राखून ठेवावा. मे महिन्यातील कोथिंबिरीच्या चार काड्यांना लागणारे पाणी मोजून पाहिले, तर ती मंडईतून आणणेच शहाणपणाचे वाटते.

पावसाळा तोंडावर आला की

गच्चीवरील पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. १,००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी सुमारे ३७ हजार लिटर पाणी हाती येते. पण ते सगळे उन्हाळ्यापर्यंत साठवायला लागणाऱ्या टाक्या घरगुती बागेला परवडत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. १,००० लिटरची टाकी १४ मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत भरते आणि ७० लिटरच्या हिशेबाने दोन आठवडे पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडीप देतो, त्या काळात तिचा खरा उपयोग होतो. टाकी भरून वाहणारे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या पुनर्भरणाला सोडावे.

मृगाआधी गच्ची झाडून घ्यावी, पन्हाळीतील पाला काढावा आणि पहिल्या एक-दोन सरींचे पाणी टाकीत न घेता बाहेर जाऊ द्यावे, कारण त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. संततधार सुरू झाली, की आच्छादन खोडापासून आणखी वीतभर मागे सारावे, कारण त्याखाली गोगलगायी जमतात आणि रात्रीतून भाजीची कोवळी रोपे फस्त करतात. मडकी रिकामी करून झाकण्या घट्ट बसवाव्यात, ठिबकचा कॉक बंद करून नळ्या गुंडाळून सावलीत टांगाव्यात आणि फिल्टरची जाळी धुऊन, पूर्ण सुकवून डब्यात ठेवावी. ओली ठेवलेली जाळी दसऱ्यापर्यंत शेवाळाने भरते, ती मग कितीही घासली तरी साफ होत नाही.